जेंगिलकोल नावाचा माणूस

आमच्या इस्पितळात बुधवार नसतो. सोमवार असतो, मंगळवार असतो, मग मंगळवारचा दुसरा दिवस असतो, आणि तो संपला की गुरुवार. बाहेरगावचा नवा पेशंट गोंधळतो. "तपासणीला मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी या," असं खिडकीतून सांगितलं की तो बोटं मोजतो आणि दबकत विचारतो, "म्हणजे बुधवारी ना?" खिडकीतली पोरगी म्हणते, "तुम्ही म्हणा हो. आमचीच सवय मोडली आहे."

ही सवय मोडली बुरुलनं. आमच्या भाषेत बुधवार म्हणजे शारशेम्बी. बुरुलचे सासरे बुधवारी जन्मले, म्हणून त्यांचं नाव ठेवलं शारशेनबाय. आणि आमच्यात सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडातून काढत नाही. नावाशी जुळणारा शब्दही टाळते. तेव्हा बुरुलच्या आठवड्यातून एक दिवस कायमचा गेला, आणि ती इतकी गोड बोलते की तिचं ऐकून ऐकून सगळ्यांच्याच आठवड्यातून गेला. मला यात नवल वाटत नाही. माझ्या सासऱ्यांचं नाव होतं ताशतेमिर, आणि ताश म्हणजे दगड; हे नुसतं लिहितेय, तोंडानं म्हणत नाही. ते जाऊन वर्षं झाली तरी मला दगड म्हणता येत नाही. आमच्या मुख्य डॉक्टरांशी रोज बोलावं लागणाऱ्या बाईचे यात किती हाल होतात, ते माझं मलाच माहीत.

मी तुर्गान. कोकजारच्या इस्पितळात औषधांची खोली सांभाळते. बुरुलची खोली माझ्या शेजारी, पूर्वी तिथे बॉयलरचा कोळसा ठेवत. लग्न होऊन ती नारीन नदीच्या खालच्या अंगाकडून आमच्याकडे आली, डोक्याला पांढरा रुमाल, गालावर खळी, आणि कॉम्प्युटर शिकलेली. तेव्हा नुकताच इस्पितळात कॉम्प्युटरचा संसार मांडला होता आणि तो चालवायला कुणी नव्हतं. तेव्हापासून ती त्या खोलीत आहे. तिचं हसणं आधी ऐकू येतं, मग ती दिसते.

तिचं काम काय, हे गावाला अजून नीट सांगता येत नाही. इस्पितळातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर कोण आलं, कधी आलं, कुणाचे कागद उघडले, काय बदललं, कधी बाहेर पडलं, हे सगळं एका मोठ्या मशीनमध्ये ओळीनं उतरत जातं. त्याला लॉग म्हणतात. उतरतं ते आपोआप. मग ही बाई दिवसभर करते काय, असं मीही एकदा तिला तोंडावर विचारलं होतं.

"एजे, चला दाखवते," मोठ्या बहिणीला मारतात तशी हाक मारून म्हणाली आणि मला हाताला धरून वॉर्डात घेऊन गेली. वॉर्डातल्या कॉम्प्युटरचं घड्याळ प्रयोगशाळेतल्या घड्याळाच्या मागे पडलं होतं. "आता लॉगमध्ये काय दिसतंय माहितीये? आधी रक्ताचा निकाल लागला, आणि मग रक्त काढलं. उद्या कुणी विचारलं तर काय सांगू? आमच्या प्रयोगशाळेत भविष्य बघतात?"

तर असं. ती सगळ्या घड्याळांचं एकमत करत हिंडते. हिवाळ्यात आमच्याकडे वीज गेली की लॉगमध्ये भोक पडतं. दुसरा कुणी असता तर त्यानं ते झाकायला बघितलं असतं. बुरुल त्याच्याखाली स्वतःच्या नावानं ओळ घालते: वीज गेली, अमुक वाजता आली, जनरेटर सुरू करायला मिर्बेकला उशीर झाला कारण त्याला किल्ली सापडत नव्हती. मिर्बेक म्हणजे आमचा वायरमन. तो एकदा तणतणत आला होता.

"किल्लीचं कशाला लिहितेस? वीज गेली एवढं पुरे की."

"खरं आहे ना, बाइके?" मोठ्या भावाला म्हणतात तसं बुरुल म्हणाली.

"खरं आहे म्हणून काय लिहायचं?"

"मग खिळ्याला अडकवत जा ना किल्ली. मी तेही लिहीन, मिर्बेक बाइकेंनी किल्ली खिळ्याला अडकवली म्हणून." आणि तिनं खरंच लिहिलं. मिर्बेक ती ओळ आल्यागेल्याला दाखवायचा.

रोज घरी जाण्यापूर्वी ती दिवसभराच्या ओळींना आकड्यांची एक गाठ मारते. त्या गाठीत कालच्या गाठीचं टोक असतं, कालच्यात परवाचं. मागची एखादी ओळ कुणी खोडली किंवा बदलली, तर तिथपासून पुढच्या सगळ्या गाठी चुकतात आणि चूक लपत नाही. त्या गाठींची एक प्रत ती राजधानीला पाठवून देते. मी म्हटलं, स्वतःच मारलेल्या गाठी परक्यांच्या हवाली कशाला? तर म्हणाली, "सगळ्यांत जवळ मीच बसते, एजे. माझ्यावरही कुणाचा तरी डोळा पाहिजे की नको?"

सगळ्यांत मोठी लढाई झाली पासवर्डवरून. आमच्याकडे मीठ, कोट, छत्री, मुलं, सगळं एकमेकांकडे असतं. पासवर्डही असेच फिरायचे. मोठ्या नर्स सादात यांचा पासवर्ड तर झाडूवालीलाही पाठ होता. बुरुल त्यांच्याकडे बोरसोकची, तळलेल्या कणकेच्या तुकड्यांची, परडी घेऊन गेली, चहा ओतला, आणि म्हणाली, "सादात एजे, हा चहा सगळ्यांना द्या. पासवर्ड नका देऊ."

"कालची आलेली सून मला शिकवणार?"

"मी काय शिकवणार? पण तुमच्या नावानं दुसऱ्या कुणी काही केलं, तर मला लॉगमध्ये तुम्हीच दिसणार. मग मी तुमच्या बाजूनं बोलू कशी?"

सादात आठवडाभर फुगून होत्या. मग त्यांनी पासवर्ड बदलला. त्याचं फळ पुढे मिळालं. गावातल्या एका मुलीच्या आजाराची बातमी इस्पितळातून फुटली, ठरलेलं लग्न मोडायची वेळ आली, आणि सगळ्यांनी बोट दाखवलं सादातकडे, कारण त्यांच्या जिभेला तसं हाड नाहीच. बुरुलनं लॉग काढून समोर ठेवला. सादातनं त्या मुलीचा कागद उघडलाच नव्हता. उघडला होता एका भलत्याच विभागातल्या माणसानं, ज्याचा त्या मुलीशी काही संबंध नव्हता. त्या माणसाची नोकरी गेली, सादात राहिल्या, आणि लग्नही झालं. त्या लग्नात सादातनं बुरुलला मानाच्या जागी बसवलं आणि स्वतः तिला वाढलं. त्या दिवसापासून इस्पितळात पासवर्ड मागणं म्हणजे कुणाचा दातांचा ब्रश मागण्यासारखं झालं.

आता बुरुलच्या सासऱ्यांकडे वळते, कारण सगळा घोळ त्यांच्यापाशी आहे.

ते आमचे सर्जन, आम्ही सगळे त्यांना अता, म्हणजे बाबा, म्हणतो. अर्ध्या गावाच्या पोटावर त्यांची सही आहे. हात इतका हलका की टाके काढताना पोरं रडायची विसरत. घरात आल्यावर बुरुलनं त्यांना हाक मारायला नाव शोधलं ते हेच, जेंगिलकोल, हलक्या हाताचे. सुना अशी नावं ठेवतातच, आणि चांगलं नाव ठेवणाऱ्या सुनेचं कौतुक होतं.

कॉम्प्युटर आले तेव्हा बुरुल एकेकाला बोलावून खाती उघडत होती. मी तिथेच बसले होते. रांगेत अता आले आणि तिच्या खुर्चीच्या मागे चष्मा सावरत उभे राहिले. पडद्यावर चौकोन आला: नाव. बुरुलचे हात कीबोर्डवरून उचलले गेले. ती उठली, वाकली, खुर्ची त्यांना दिली. ते बसले. पण त्यांना टाईप कुठे येत होतं? "बस बाळा, तूच लिही," म्हणून परत उठले. सासरा मागे उभा, बघतोय, आणि सुनेनं त्याचं नाव अक्षर अक्षर करून त्याच्या डोळ्यांदेखत लिहायचं. तिनं लिहिलं, जेंगिलकोल. खाली पूर्ण नावाचा चौकोन होता, अमक्याचा उलू म्हणजे मुलगा तमका असा, मशीन तो रिकामा सोडू देईना. तिथेही तेच लिहिलं. अतांनी वाचलं. त्यांच्या मिशा थोड्या हलल्या. "बरं आहे," म्हणाले आणि निघून गेले.

तेव्हा सगळे हसलो होतो. नंतर तिला ते बदलायचं सुचेपर्यंत अतांनी त्या नावानं पेशंट तपासायला सुरुवात केली होती, ओळी पडत गेल्या होत्या, आणि पडलेल्या ओळीला हात लावायचा नाही हा नियम तिनंच घातला होता. शिवाय बदलायचं म्हणजे खरं नाव लिहायचं. अता निवृत्त झाले, तरी आठवड्यातून एक दिवस, तोच तो दिवस, जुन्या पेशंटांसाठी येत राहिले. जेंगिलकोल कोण हे कोकजारमध्ये कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. मग ते कुठेतरी लिहून ठेवायला हवं, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी राजधानीहून तपासणीला बाई आल्या, जिपारा इसाकोव्ना. उंच, शांत, एकच बॅग, आणि आवाज असा की मोठ्यानं बोलायची गरजच पडू नये. मुख्य डॉक्टर एसेनकुल यांनी आम्हाला आधीच एकत्र करून सांगितलं होतं. ज्या इस्पितळाचा लॉग पुरा आणि विश्वासाचा ठरेल, त्याचं कामकाज त्याच्याकडे राहील. ज्याचा ठरणार नाही, त्याच्या आजवरच्या सगळ्या नोंदींवर 'ग्राह्य नाही' असा शिक्का बसेल, मशीन बंद होईल, आणि सगळं काम दुसरीकडे जाईल. बुरुलला खिडकीवर चिठ्ठ्या फाडायला बसवणार आणि तिच्या खोलीत गाद्या ठेवणार, हेही त्यांनी सांगून टाकलं. गाद्यांचं आधीच ठरवून बसणारा माणूस. शब्द माझ्या ओठांवर आला होता, पण सासऱ्यांची आठवण झाली.

बुरुल मात्र सणाला निघाल्यासारखी तयार होती. इतक्या वर्षांत तिचं काम कुणीतरी पहिल्यांदाच नीट बघणार होतं. सोमवारी तिनं जिपाराला घड्याळं दाखवली, गाठी दाखवल्या, राजधानीतल्या प्रतीशी ताडून दाखवल्या. जिपारानं मधलाच कुठलातरी जुना दिवस काढून बघितला. सगळं जुळलं. मिर्बेकच्या किल्लीची ओळ वाचून त्या तपासणीवाल्या बाईलाही हसू आवरेना. "असा लॉग मी बघितला नाही," त्या म्हणाल्या. "ह्यात माणसं दिसतात." बुरुल माझ्या खोलीत येऊन मला मिठी मारून गेली.

मंगळवारी दुपारी जिपारानं कर्मचाऱ्यांची यादी आणि खात्यांची यादी शेजारी शेजारी ठेवली, आणि चष्म्याच्या वरून विचारलं, "जेंगिलकोल कोण?"

खोलीत मी होते, एसेनकुल होते, सादात होत्या. आम्ही सगळ्यांनी बुरुलकडे बघितलं. बुरुल रुमालापर्यंत लाल झाली.

"सर्जरीत आहेत," ती म्हणाली.

"सर्जरीत ह्या नावाचं कुणी नाही. इस्पितळातच नाही. आणि खातं तर दर आठवड्याला चालू आहे, पेशंटचे कागद उघडतंय." जिपारानं दुसऱ्या कागदावर बोट ठेवलं. "उलट हे बघा. सुबानाली उलू शारशेनबाय. दर बुधवारी पेशंट तपासतात असं यादी म्हणते, आणि ह्यांना खातंच नाही. एक खातं आहे, त्याला माणूस नाही. एक माणूस आहे, त्याला खातं नाही."

"अहो, दोन्ही एकच," मी म्हटलं.

"हे खातं तुम्ही उघडलंत?"

"नाही, पण गावात कुणालाही विचारा ना."

"मग तुम्ही नका बोलू. आणि मी गावाला विचारायला आलेले नाही." त्या बुरुलकडे वळल्या. "तुम्ही उघडलंत. तुम्ही सांगा, कुणाचं?"

बुरुलनं तोंड उघडलं आणि मिटलं. जिपाराची नजर तिच्या पांढऱ्या रुमालावर गेली. मग पेन खाली ठेवलं आणि आवाज मऊ झाला.

"सासरे?"

बुरुलनं मान हलवली.

"मला कळलं हो. मीही कुणाची तरी सून आहे. माझ्या मोठ्या दिरांच्या नावापायी मी अजून झाडावरच्या एका फळाला नुसतं लाल फळ म्हणते. पण मला कळून उपयोग नाही. कागदाला कळलं पाहिजे. नियम असा आहे की खातं उघडणाऱ्यानं मालकाचं नाव माझ्यासमोर सांगायचं, त्याच्या तोंडावर, आणि मग त्यानं हो म्हणायचं. आधी मालकानं सांगून चालत नाही, मी आहे असं कुणीही म्हणेल. नाहीतर हे खातं बेनामी. आणि इतकी वर्षं बेनामी खातं पेशंटचे कागद उघडत होतं असं ठरलं, तर मला सगळ्या लॉगवर शिक्का मारावा लागेल. उद्या ते येतात ना? मग उद्या."

बाहेर येताच एसेनकुलांनी बुरुलला कोपऱ्यात घेतलं. "अगं, त्यात काय? आत्ता जा, नाव बदलून टाक. दोन मिनिटांचं काम. मागच्या ओळीही बदल, गाठी नव्या मार."

"आणि राजधानीतल्या प्रतीचं काय?"

"ती कोण बघतंय?"

"मी बघते, बाइके. आजवर कुणाचीच ओळ बदलली नाही. माझी चूक निघाली म्हणून माझी बदलू? मग सादात एजेंची सुटका ज्या ओळींनी झाली, त्या तरी खऱ्या कशावरून?"

"मग सांग की नाव."

"ते तर नाहीच जमत."

"मग मी करू तरी काय?" एसेनकुल कपाळाला हात लावून निघून गेले. गाद्यांचा विचार करत असतील.

मी तिला माझ्या खोलीत आणलं, दार लावलं, घोडीच्या दुधाचं आंबट किमिझ ओतून दिलं. म्हटलं, चल, सराव करू. इथे तू आणि मी, आणि कपाटातली औषधं. म्हण, शार.

"शार."

"शेन."

"शेन."

"बाय."

"बाय."

"आता एकत्र."

ती उभी राहिली, रुमाल सारखा केला, श्वास घेतला, आणि म्हणाली, "शार... शहरात गर्दी फार वाढली आहे, एजे." आणि असं हसायला लागली की किमिझ सांडलं. मीही हसले. दोघी डोळे पुसत बसलो होतो, तर बघते तो तिचं हसणं थांबलेलं, पण डोळे अजून वाहत होते.

"मला कशाची भीती वाटते असं नाही," ती म्हणाली. "मी आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, सून बाहेर काम करणार नाही. अता सकाळी उठले, स्वतः चहा केला, मला मानाच्या माणसाला देतात तसा अर्धा पेला ओतून दिला, सासऱ्यानं सुनेला, आणि म्हणाले, चल, इस्पितळात नवीन मशीन आलंय, तुला दाखवतो. सगळं मला त्यांनी दिलं, एजे. मी त्यांना काय देऊ शकले? मान. तो एवढाच, की त्यांचं नाव माझ्या तोंडून कधी पडलं नाही. आता तेवढंही परकीसमोर काढून घ्यायचं, आणि तेही त्यांच्या तोंडावर?"

मी तिच्या पेल्यात आणखी ओतलं. "घरी सांगशील त्यांना?"

"काय सांगू? उद्या मी तुमचं नाव घेणार आहे म्हणून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अता आले. डोक्यावर उंच कालपाक टोपी, हातात काठी, कोटाला नेहमीसारखी नीट इस्त्री, कारण ती बुरुलच करते. दारात एवढी माणसं बघून म्हणाले, "कोण गेलं?" सादातनं त्यांना आत आणून बसवलं. जिपारानं उठून नमस्कार केला आणि काय पाहिजे ते दोन वाक्यांत सांगितलं.

"हात्तिच्या, तो मीच," अता म्हणाले. "लिहा."

"अता, तुमचं नंतर. आधी सून सांगेल."

"हिला कशाला त्रास देता?"

"मलाही बरं वाटत नाही. पण उलटं चालत नाही."

अतांनी बुरुलकडे बघितलं. बुरुल भिंतीशी उभी होती. मला वाटलं ही आता खाली मान घालून निघून जाईल, आणि मी मनातल्या मनात गाद्या हलवायला लागले. पण तिनं रुमालाची गाठ घट्ट केली, पुढे आली, आणि नवी सून पहिल्या दिवशी उंबऱ्यात वाकते तशी अतांसमोर अगदी खाली वाकली. मग सरळ झाली आणि त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली:

"हे खातं सुबानाली उलू शारशेनबाय यांचं आहे."

आवाज कापला नाही. फक्त शेवटी शेवटी हळू झाला.

जिपारानं पेन उचललं आणि अतांच्या उत्तराची वाट बघितली. अता काही बोलेनात. ते काठीच्या मुठीकडे बघत बसले होते. बुरुलचा चेहरा पांढरा पडला. मला त्या म्हाताऱ्याचा रागच आला. एवढ्या पोरीनं जीव मुठीत धरून तुमच्यासाठी, इस्पितळासाठी एवढं केलं, आणि तुम्ही मानापमान काढून बसता.

"अता," जिपारा हळूच म्हणाल्या, "हो म्हणायचं आहे."

"थांबा जरा," अता म्हणाले. मग मान वर केली. "परत म्हण, बाळा."

"अता, मला माफ करा, मी..."

"माफी कसली? नाव म्हण."

बुरुलनं आमच्याकडे बघितलं. कुणालाच काही कळत नव्हतं. तिनं पुन्हा म्हटलं, या वेळी नुसतं, "शारशेनबाय."

अतांनी डोळे मिटले. "ओरोझ गेला गेल्या थंडीत," ते म्हणाले. ओरोझ म्हणजे त्यांच्याबरोबर वाढलेला, बरोबरीचा, त्यांचा शेवटचा दोस्त. "त्याच्यानंतर हे नाव कुणी घेतलं नाही. भाऊ गेले. तुझ्या सासूनं तर जाईपर्यंत घेतलं नाही, ती कशी घेणार? लहान सगळे अता म्हणतात, पेशंट डॉक्टर म्हणतात. माझ्याहून मोठं कुणी उरलंच नाही गावात. सकाळी दाढी करताना आरशात बघतो आणि वाटतं, तो नावाचा माणूस ओरोझबरोबरच गेला. आता तुझ्या तोंडून ऐकलं. आहे की तो."

सादात सरळ रडायला लागल्या. एसेनकुल खिडकीबाहेर बघायला लागले, आणि मी त्या दिवसापुरतं त्यांना मनातल्या मनातही काही म्हटलं नाही. जिपारा इसाकोव्ना पेन घेऊन तशाच बसल्या होत्या. त्यांना कागदावर काहीतरी लिहायचं होतं आणि त्यांना दिसत नव्हतं.

"हो," अता जिपाराला म्हणाले. "लिहा. मी आहे."

मग बुरुल मशीनसमोर बसली. जुन्या ओळींपैकी एकीलाही तिनं हात लावला नाही. शेवटच्या ओळीच्या खाली आजच्या तारखेनं एक नवी ओळ घातली: जेंगिलकोल हे खातं पहिल्या दिवसापासून सुबानाली उलू शारशेनबाय यांचं आहे, नाव लिहायचं राहिलं होतं, लिहिणारी बुरुल. अता पुन्हा तिच्या खुर्चीच्या मागे उभे होते आणि ती एकेक अक्षर दाबताना बघत होते. जिपारानं ती ओळ दोनदा वाचली. "राहिलेलं अशीच ओळ घालून सांगायचं असतं," त्या म्हणाल्या. "हे मला कुणाला शिकवावं लागलं नाही, असं पहिल्यांदा झालं." आणि लॉग पुरा आणि विश्वासाचा आहे, असं लिहून सही केली.

दुपारी बोरसोक तळले, कुणीतरी कोकराचं मांस आणलं, मिर्बेकनं अंगणात चूल पेटवली. जिपारा परतीची गाडी सोडून जेवायला थांबल्या. बुरुल सगळ्यांना चहा ओतत हिंडत होती आणि तिचं हसणं इस्पितळाच्या पार मागच्या अंगापर्यंत ऐकू येत होतं. निघताना अतांनी तिला जवळ बोलावलं.

"घरी मी अताच," ते म्हणाले. "तिथे नाव घेतलंस तर तुझी सासू आभाळातून खाली येईल. पण इथे, कामावर..." ते थांबले, काठी या हातातून त्या हातात घेतली. "खातं माझंच आहे का, ते अधूनमधून तपासत जायला पाहिजे ना? नियमानं?"

"पाहिजे ना, अता," बुरुल म्हणाली. "दर वेळी तपासलं पाहिजे."

तेव्हापासून अता मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी आले की आधी पेशंटांकडे जात नाहीत. ते सरळ बुरुलच्या दाराशी जातात, कालपाक काढून हातात धरतात आणि उभे राहतात. बुरुल उठते, वाकते, मग सरळ होऊन त्यांचं पूर्ण नाव घेते. ते म्हणतात, "हो, मी आहे." आणि मग कामाला लागतात.